फिल्टर लावला, पण बिल जुळेना: कॉस्ट एक्सप्लोररच्या एपीआयला नेमकं कसं विचारायचं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या तुमच्या कंपनीचं एडब्ल्यूएसवर, म्हणजे अमेझॉनच्या क्लाउडवर, एकच खातं आहे. त्याच खात्यात साखर कारखान्याच्या ऊस वजनकाट्याचं सॉफ्टवेअर, दूध संस्थांच्या संकलनाचं ॲप, शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रींचे रिपोर्ट आणि हुपरीच्या चांदीवाल्यांचा स्टॉक असं सगळं चालतं. महिना संपला की तुमची पायथन स्क्रिप्ट कॉस्ट एक्सप्लोरर या खर्च दाखवणाऱ्या साधनाच्या एपीआयला (प्रोग्रॅममधून प्रश्न विचारायच्या सोयीला) एकेका ग्राहकाच्या टॅगचा, म्हणजे सर्व्हरवर लावलेल्या नावाच्या चिठ्ठीचा, फिल्टर लावून खर्च विचारते आणि त्यावरून बिलं वाटली जातात. तक्रारी तीन. सगळ्या ग्राहकांची बेरीज मूळ बिलापेक्षा कमी भरते. डेटाबेसचा फिल्टर लावला की शून्य येतं, डेटाबेस मात्र धडधडीत चालू असतो. आणि दोन अटी एकत्र दिल्या की व्हॅलिडेशन एक्सेप्शन, म्हणजे प्रश्नच नाकारणारी एरर, येतं. शिवाय मालकांनी कारखान्याच्या पुढच्या तीन महिन्यांच्या खर्चाचा अंदाज मागितला आहे.

तिसरी तक्रार सगळ्यात सोपी आणि खरं तर सगळ्यात निरुपद्रवी. एरर देणारा फिल्टर निदान ओरडतो तरी. शून्य देणारा गप्प बसून फसवतो, आणि जो थोडंसंच कमी देतो तो महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून माझा नियम असा: कुठल्याही फिल्टरचं उत्तर वापरण्याआधी त्या फिल्टरने काय बाहेर टाकलं तेही एपीआयलाच विचारायचं, आणि दोन्हींची बेरीज एकूण खर्चाशी जुळते का याचा ताळा घ्यायचा. बाकी सगळं या ताळ्याच्या अनुषंगाने सांगतो.

आधी ती एरर मिटवू. गेट-कॉस्ट-अँड-यूसेज या कॉलमध्ये (एपीआयला पाठवायच्या विनंतीत) फिल्टर म्हणून जी एक्स्प्रेशन, म्हणजे अटींची रचना, द्यायची, तिच्या एका पातळीवर एकच गोष्ट चालते: एक डायमेन्शन (सर्व्हिस, रीजन अशी खर्च विभागायची बाजू), किंवा एक टॅग, किंवा एक कॉस्ट कॅटेगरी (आपण नियमांनी बनवलेला खर्चाचा गट), किंवा अँड, ऑर, नॉट यांपैकी एक. तुम्ही बहुधा एकाच डिक्शनरीत (पायथनमधल्या नाव-मूल्य जोड्यांच्या रचनेत) टॅगही दिलाय आणि डायमेन्शनही. आपल्याला वाटतं दोन अटी शेजारी ठेवल्या म्हणजे 'दोन्ही हव्यात' असा अर्थ होईल. एपीआयला ते मान्य नाही. तिथे अँड लिहून त्याच्या पोटात दोन अटींची यादी द्यावी लागते. उलट त्या यादीत एकच अट असली तरीही एरर येते, कारण अँड आणि ऑर यांना किमान दोन अटी लागतात. नॉटला मात्र एकच एक्स्प्रेशन द्यायची, यादी नाही.

म्हणून अटी गोळा करणारं एक छोटं फंक्शन लिहून ठेवा. अटींची यादी रिकामी असेल तर कॉलमधून फिल्टर हा पॅरामीटरच काढून टाका, रिकामी डिक्शनरी पाठवू नका. एकच अट असेल तर ती तशीच पाठवा. दोन किंवा जास्त असतील तरच अँडमध्ये गुंडाळा. हे फंक्शन पाचसहा ओळींचं होतं आणि पुढची कटकट कायमची संपते. एका डायमेन्शनच्या व्हॅल्यूजमध्ये चार नावं दिली तर ती आपोआप 'यांपैकी कुठलंही' अशी धरली जातात. त्यासाठी वेगळा ऑर लिहायची गरज नाही. ऑर फक्त तेव्हाच, जेव्हा 'हा टॅग किंवा ती सर्व्हिस' अशी दोन वेगळ्या जातींच्या अटींची जोडी असते. तुमच्या कामाला तशी वेळ क्वचितच येईल.

कर, क्रेडिट (एडब्ल्यूएसने बिलात दिलेली सूट) आणि रिफंड वगळून कारखान्याचा खर्च हवा असेल तर रचना अशी दिसेल:

अँड
— टॅग: क्लायंट, व्हॅल्यू: कारखाना
— नॉट
—— डायमेन्शन: रेकॉर्ड टाइप, व्हॅल्यूज: टॅक्स, क्रेडिट, रिफंड

आता शून्याचं. फिल्टरमधली नावं ही बिलातली नावं असतात, आपल्या बोलण्यातली नव्हेत. डेटाबेसच्या सर्व्हिसला आपण आरडीएस म्हणतो, पण सर्व्हिस या डायमेन्शनमध्ये तिचं नाव 'अमेझॉन रिलेशनल डेटाबेस सर्व्हिस' असं पूर्ण आहे. ईसी-टूच्या, म्हणजे भाड्याच्या सर्व्हरच्या, मशीनचं नाव 'अमेझॉन इलास्टिक कॉम्प्युट क्लाउड - कॉम्प्युट', तेही मधल्या डॅशच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडून. लहान-मोठ्या लिपीतला फरकही धरला जातो. आणि नाव चुकलं तर एपीआय 'अशी सर्व्हिस नाही' असं सांगत नाही. त्याच्या लेखी प्रश्न बरोबरच आहे, त्या नावाचा खर्च शून्य आहे, एवढंच. तुमच्या स्क्रिप्टमध्ये नुसतं 'आरडीएस' लिहिलं असेल तर शून्याचं कारण तेच.

नावं कधीच हाताने टाइप करू नका. गेट-डायमेन्शन-व्हॅल्यूज हा कॉल त्यासाठीच आहे. त्याला कालावधी आणि डायमेन्शन द्या, तो त्या काळात तुमच्या खात्यात प्रत्यक्ष आलेली नावं परत देतो. 'त्या काळात' हे विसरू नका. गाळप हंगामात चालणारी एखादी सर्व्हिस जुलैच्या यादीत दिसलीच नाही तर ती चूक नव्हे. स्क्रिप्टच्या सुरुवातीला ही यादी घ्यायची, आपल्या फिल्टरमधलं प्रत्येक नाव त्यात आहे का ते बघायचं, आणि नसेल तर तिथेच थांबून ओरडायचं. म्हणजे जी एरर एपीआय देत नाही ती आपणच द्यायची.

यूसेज टाइपच्या (नेमका कशाचा वापर झाला ते सांगणाऱ्या डायमेन्शनच्या) फिल्टरमध्ये आणखी एक चकवा आहे. अमेरिकेतल्या उत्तर व्हर्जिनिया रीजनमधली (डेटा सेंटरच्या त्या भौगोलिक विभागातली) उदाहरणं पाहून लोक 'बॉक्स-यूसेज'ने सुरू होणारी नावं उचलतात. मुंबई रीजनच्या यूसेज टाइपना पुढे 'एपीएस-थ्री' हा उपसर्ग असतो. तोच टी-थ्री मीडियम आकाराचा सर्व्हर, पण नाव वेगळं, म्हणून उत्तर पुन्हा शून्य. 'ज्या नावात अमुक शब्द आहे' असं विचारायची सोय इथे होईल असं वाटतं, कारण मॅच-ऑप्शन्सच्या (नाव कसं जुळवायचं त्याच्या) यादीत कंटेन्स, स्टार्ट्स-विथ असे पर्याय लिहिलेले दिसतात. पण ते सगळे पर्याय सगळ्या कॉलना लागू नाहीत. गेट-कॉस्ट-अँड-यूसेजमध्ये डायमेन्शनसाठी नेमकी बरोबरीच चालते. अंशतः जुळवायचं असेल तर आधी गेट-डायमेन्शन-व्हॅल्यूजला सर्च-स्ट्रिंग देऊन नावं गोळा करा आणि ती सगळी यादी फिल्टरमध्ये द्या.

सर्व्हिसच्या नावांत लोकांना सर्वांत जास्त फसवणारं नाव म्हणजे 'ईसी-टू - अदर'. सर्व्हरचा खर्च काढायचा म्हणून फक्त कॉम्प्युटचा फिल्टर लावला की डिस्क म्हणजे ईबीएस, तिचे स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या प्रती) आणि नॅट गेटवे (खाजगी सर्व्हरना इंटरनेटवर नेणारं दार) हे सगळं बाहेर राहतं, कारण ते या 'अदर'मध्ये बसतं. लहान कंपन्यांच्या खात्यात हा आकडा कधीकधी मशीनच्या बरोबरीला येतो. पब्लिक आयपीचा खर्च तर आणखी तिसरीकडे. 1 फेब्रुवारी 2024 पासून प्रत्येक पब्लिक आयपीव्ही-फोर पत्त्याला तासाला 0.005 डॉलर लागतात, आणि ते 'अमेझॉन व्हर्च्युअल प्रायव्हेट क्लाउड' या नावाखाली येतात. तीस दिवसांच्या महिन्याला एका पत्त्याचे 3.60 डॉलर. दहा ग्राहकांना प्रत्येकी दोन पत्ते दिले असतील तर 72 डॉलर, आणि कुणाच्याच फिल्टरमध्ये ते सापडत नाहीत.

आता पहिली तक्रार, बेरीज कमी भरण्याची. हीच खरी. ती एका कारणाने होत नाही, म्हणून कारणं एकेक करून वजा करत जावं लागतं.

आधी तफावत किती टक्के आहे ते बघा. मूळ बिलाच्या साधारण 15.25 टक्के असेल तर जवळजवळ खात्रीने तो जीएसटी आहे. अठरा टक्के कर मूळ रकमेवर लागतो, म्हणजे करासकट 118 मधले 18. कराच्या ओळीला कुठल्याही सर्व्हरचा टॅग नसतो, त्यामुळे टॅगचा फिल्टर लावला की कर आपोआप गळून जातो. तुम्ही ग्राहकाला पुन्हा तुमच्या दराने जीएसटी लावणारच आहात, म्हणून वाटणीत हा कर मुळात घ्यायचाच नाही; पण तुलना करताना दोन्ही बाजू करमुक्त हव्यात. काट्यावर भरलेली गाडी आणि रिकामी गाडी अशी दोन वजनं का घेतात हे तुमच्या कारखान्याच्या माणसाला सांगावं लागत नाही. तसंच इथे क्रेडिट, रिफंड आणि टॅक्स वजा करून उरतं ते निव्वळ वापराचं वजन. स्टार्टअप क्रेडिट मिळालेल्या खात्यात तर हे न केल्यास सगळे आकडे शून्याजवळ दिसतात. मालक खूश होतात, आणि क्रेडिट संपतात त्या महिन्यात सगळ्यांच्याच तोंडचं पाणी पळतं.

कर वजा करूनही फरक उरला तर टॅगकडे वळा. टॅग लावणं आणि टॅग बिलात दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्व्हरवर टॅग असला तरी बिलिंगमध्ये जाऊन तो कॉस्ट अलोकेशन टॅग म्हणून ॲक्टिव्हेट करावा लागतो, आणि दिसायला चोवीस तासांपर्यंत वेळ लागू शकतो. ॲक्टिव्हेट करण्याआधीचा खर्च पूर्वी कायमचा बिनटॅगचाच राहायचा. 2024 पासून बॅकफिलची सोय आहे. मागच्या बारा महिन्यांपर्यंत ॲक्टिव्हेशन मागे नेता येतं. पण त्या काळात ज्या सर्व्हरवर टॅग लावलेलाच नव्हता, त्याला बॅकफिल टॅग चिकटवत नाही. लोक इथेच गल्लत करतात.

दुसरं, मशीनला टॅग लावला म्हणून तिच्या डिस्कला लागतोच असं नाही. मशीन बनवताना डिस्कलाही टॅग द्यायला सांगितलं नसेल तर डिस्क बिनटॅगची, तिचे रोजचे स्नॅपशॉटही बिनटॅगचे. ऑटो स्केलिंग ग्रुपवर (गर्दीनुसार मशीन वाढवणाऱ्या-घटवणाऱ्या गटावर) टॅग असेल पण 'नव्या मशीनला द्या' ही खूण नसेल तर हंगामात गर्दीच्या वेळी उगवणारी मशीनही कुणाचीच नाहीत. दूध संस्थेचा खर्च कमी दिसतो असंही तुमचं म्हणणं आहे; त्याचं उत्तर मला इथेच सापडेल असं वाटतं; संकलनाचे फोटो आणि बॅकअप डिस्कवर साचत असणार.

शिवाय टॅगच्या नावातही लहान-मोठी लिपी वेगळी धरली जाते. रोमनमध्ये मोठ्या 'सी'ने लिहिलेला क्लायंट आणि लहान 'सी'चा क्लायंट हे दोन वेगळे टॅग. एकाने कन्सोलमधून एक लावला, दुसऱ्याने टेराफॉर्म या कोडने सर्व्हर उभारायच्या साधनातून दुसरा, की निम्मा हिशेब एकीकडे, निम्मा दुसरीकडे. आणि कौतुकाने टॅग मराठीत लिहायचा मोह असेल तर आवरा. बऱ्याच सर्व्हिसच्या टॅगच्या नियमात अक्षर, अंक, मोकळी जागा आणि मोजकी चिन्हं एवढंच बसतं. युनिकोडच्या वर्गवारीत काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त ही 'अक्षरं' नाहीत, ती 'चिन्हखुणा' या वेगळ्या गटात जातात. त्यामुळे 'कमल' चालून जाईल आणि 'कारखाना' अडेल. सरळ रोमनमध्ये, लहान लिपीत, ठरवून दिलेल्या यादीतलंच नाव वापरा.

बिनटॅगचं किती आहे ते बघायला टॅगच्या अटीत मॅच-ऑप्शन म्हणून ॲबसेंट द्या. मग टॅगच्या व्हॅल्यूज द्यायच्या नाहीत, फक्त टॅगचं नाव. हा आकडा पहिल्यांदा बघाल तेव्हा थोडा धक्का बसेल. तो ग्राहकांच्या खर्चात मिसळू नका. 'कुणाचंच नाही' असा वेगळा रकाना करा आणि दर महिन्याला मालकांसमोर ठेवा. हा रकाना दिसत राहिला की टॅग लावायची शिस्त आपसूक येते. पॉलिसीचे कागद काढून येत नाही.

त्यातलं काही खरोखरच वाटता येणार नाही असं असतं. एकच नॅट गेटवे सगळ्यांचा, एकच लोड बॅलन्सर (येणारी गर्दी सर्व्हरांत वाटणारा) सगळ्यांचा. त्याला टॅग लावायचा तरी कुणाचा? हा तांत्रिक प्रश्नच नाही, तो मालक आणि अकाउंटंट यांनी बसून ठरवायचा आहे. समान वाटणी करा, थेट खर्चाच्या प्रमाणात करा, किंवा तुमच्या सर्व्हिस चार्जमध्ये धरा. माझं मत विचाराल तर लहान ग्राहकांवर समान वाटणी अन्याय करते. हुपरीच्या एका दुकानाने आणि साखर कारखान्याने नॅट गेटवेचे सारखे पैसे का भरावेत? प्रमाणातच वाटा. एडब्ल्यूएसच्या कॉस्ट कॅटेगरीत अशी वाटणी करणारे स्प्लिट चार्ज नियम आहेत, पण ते वाटलेले आकडे कॅटेगरीच्या स्वतःच्या पानावरच दिसतात. कॉस्ट एक्सप्लोररच्या उत्तरात ते येत नाहीत. म्हणून एपीआयवर हिशेब करणाऱ्याने वाटणीचं गणित आपल्या स्क्रिप्टमध्येच ठेवावं.

मेट्रिक, म्हणजे खर्च मोजायची पद्धत, कुठलं घेता हेही बघा. पावतीशी जुळवायला अनब्लेंडेड कॉस्ट, ग्राहकांत वाटायला अमॉर्टाइज्ड कॉस्ट. तुम्ही रिझर्व्ड इन्स्टन्स किंवा सेव्हिंग्ज प्लॅनचे (ठरावीक काळाचा वापर आधी कबूल करून स्वस्त दर घ्यायच्या योजनांचे) पैसे आगाऊ भरले असतील तर अनब्लेंडेडमध्ये ते सगळे एकाच दिवशी पडतात, अमॉर्टाइज्डमध्ये ते कालावधीभर पसरतात. पण सेव्हिंग्ज प्लॅनमध्ये आणखी एक गंमत आहे. त्याची सवलत जिथे टक्केवारीने जास्त बचत होते तिथे आधी लागते, तुम्ही ती कुणासाठी घेतली होती याच्याशी त्याला देणंघेणं नाही. म्हणजे कारखान्यासाठी म्हणून घेतलेला प्लॅन फाउंड्रीच्या मशीनवर लागू शकतो, आणि फाउंड्रीचं बिल काहीच न बदलता घसरतं. पुढच्या महिन्यात ते पुन्हा चढतं आणि फोन तुम्हाला येतो. ग्राहकाला दर स्थिर द्यायचा असेल तर यूसेज क्वांटिटी घेऊन आपल्या ठरलेल्या दराने गुणा; सवलतीचा नफा-तोटा कंपनीने आपल्याकडे ठेवावा. क्वांटिटी घेताना मात्र फिल्टर किंवा ग्रुप यूसेज टाइपपर्यंत खाली न्यावाच लागतो. नाहीतर तास आणि जीबी यांची एकच बेरीज होऊन निरर्थक आकडा हाती येतो.

तारखांकडे वळतो. एपीआयमध्ये सुरुवातीची तारीख धरली जाते, शेवटची धरली जात नाही. डिसेंबरसाठी 2025-12-01 ते 2025-12-31 असं दिलं तर एकतीस तारीख गेली. शेवट 2026-01-01 हवा. ऐन हंगामातला एक दिवस गहाळ होणं लहान गोष्ट नाही, आणि तो दर महिन्याला गहाळ होतो म्हणून कुणाला खटकतही नाही. शिवाय दिवस यूटीसीप्रमाणे मोजला जातो. आपल्या पहाटे साडेपाचला तिकडचा दिवस बदलतो. रात्रभर चालणाऱ्या काट्याचा पहिल्या तारखेचा पहाटेपर्यंतचा वापर मागच्या महिन्यात जमा होतो. रोजच्या आकड्यांची काट्याच्या रजिस्टरशी तुलना करणार असाल तर हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर वाद होतील.

उत्तरात एस्टिमेटेड नावाची एक खूण येते. ती 'ट्रू' असेल तोवर आकडा कच्चा आहे. कॉस्ट एक्सप्लोररचा डेटा दिवसातून निदान एकदा ताजा होतो, पण बिल अंतिम होईपर्यंत मागच्या महिन्याचे आकडे हलू शकतात. एक तारखेला सकाळी स्क्रिप्ट चालवून ग्राहकांना पावत्या पाठवायची घाई करू नका. थोडे दिवस थांबा, खूण 'फॉल्स' झाली की मग.

आता ज्यावर माझं मत जरा ठाम आहे ते सांगतो. तुम्ही प्रत्येक ग्राहकासाठी, प्रत्येक सर्व्हिससाठी वेगळा फिल्टर लावून वेगळा कॉल करता. या एपीआयचा प्रत्येक कॉल 0.01 डॉलरचा आहे. उत्तर लांब असेल आणि नेक्स्ट-पेज-टोकन आलं तर पुढचं प्रत्येक पान हाही वेगळा कॉल. बारा ग्राहक, पाच सर्व्हिस, रोज एकदा असं धरलं तर दिवसाला साठ, महिन्याला 1800 कॉल, म्हणजे 18 डॉलर, फक्त खर्च किती झाला हे विचारण्याचे. वर कॉल फार वेगाने केले तर लिमिट एक्सीडेड येतं ते वेगळंच.

उलट करा. कॉलमध्ये फिल्टर कमीत कमी ठेवा आणि ग्रुप-बाय वापरा. एका कॉलमध्ये दोन गटांपर्यंत परवानगी आहे. एक गट क्लायंट टॅगचा, दुसरा सर्व्हिसचा, बारकाई (ग्रॅन्युलॅरिटी) रोजची. फिल्टरमध्ये फक्त ते रेकॉर्ड टाइपचं नॉट. आलेलं सगळं उत्तर आपल्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये ओता आणि मग ग्राहकानुसार, सर्व्हिसनुसार, आठवड्यानुसार हवं तसं तिथे गाळा. घरचं गाळणं फुकट आहे आणि चुकलं तर पुन्हा करता येतं. एपीआयमधला फिल्टर तिसऱ्या गोष्टीसाठी राखून ठेवा, उदाहरणार्थ फक्त मुंबई रीजन.

ग्रुप केल्यावर उत्तराचा आकार बदलतो. एकूण रकमेचा टोटल हा भाग रिकामा येतो, आकडे ग्रुप्समध्ये असतात. बेरीज तुम्हीच करायची. टॅगच्या गटाचं नाव टॅग, मग डॉलरचं चिन्ह, मग व्हॅल्यू असं जोडून येतं. डॉलरच्या चिन्हापुढे काहीच नसेल तर तो बिनटॅगचा खर्च. बऱ्याच स्क्रिप्ट हे रिकामं नाव 'चुकीची ओळ' समजून टाकून देतात, आणि मग बेरीज कमी भरते. तुमचा कोड याच जागी आधी तपासा. रकमा आकडा म्हणून येत नाहीत, स्ट्रिंग म्हणून येतात, बऱ्याच दशांशांसकट. त्या डेसिमलमध्ये (अचूक दशांशात) घ्या, फ्लोटमध्ये (अंदाजे दशांशात) नको. आणि रक्कम यूएस डॉलरमध्ये असते. रुपयाचा दर कुठल्या दिवसाचा धरायचा हे अकाउंटंटला विचारा. पावतीवर जो दर छापलेला असतो तोच वापरला तर वाद उरत नाही.

मग ताळा. तीन कॉल: फिल्टरसकट, त्याच फिल्टरला नॉटमध्ये गुंडाळून, आणि फिल्टरशिवाय. कालावधी, मेट्रिक, बारकाई तिन्हींत तीच. पहिल्या दोघांची बेरीज तिसऱ्याइतकी हवी. तीन सेंटचं काम आहे. जुळलं नाही तर पानं तोडलीत का ते पाहा, कारण बहुतेक वेळा नेक्स्ट-पेज-टोकनचा लूप पहिल्याच पानावर थांबलेला असतो. जुळलं आणि तरी आकडा पटत नसेल तर नॉटचं उत्तर सर्व्हिसनुसार ग्रुप करून वाचा. जे तुमच्या फिल्टरमध्ये यायला हवं होतं ते तिथे नावासकट बसलेलं सापडतं. नवा फिल्टर बनला की हा ताळा एकदा, आणि दर महिन्याच्या पावत्यांआधी एकदा.

परवानगीचं थोडक्यात: या स्क्रिप्टला फक्त कॉस्ट एक्सप्लोरर वाचण्याचा वेगळा रोल द्या. रूट खात्याच्या, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या मूळ लॉगिनच्या, किल्ल्या स्क्रिप्टमध्ये असतील तर हे वाचणं थांबवा आणि आधी त्या काढा. खात्यात आयएएम (वापरकर्ते आणि परवानग्यांची व्यवस्था) वापरणाऱ्यांना बिलिंग बघू द्यायचं की नाही हे रूटने एकदा चालू करावं लागतं. रोल बरोबर असूनही नकार आला तर तिथे बघा.

एकेका मशीनचा किंवा डिस्कचा खर्च हवा असेल तर रिसोर्सपर्यंत जाणारा वेगळा कॉल आहे, पण तो आधी चालू करून घ्यावा लागतो आणि फक्त मागचे चौदा दिवस दाखवतो. त्यापेक्षा डेटा एक्सपोर्ट्समधून कॉस्ट अँड यूसेज रिपोर्ट एस-थ्री या फाइल साठवणीत घ्या आणि त्या फाइलींवर क्वेरी चालवणाऱ्या अथेनावर एसक्यूएल लिहा. तिथे अंशतः जुळवणारं लाइक चालतं, दोन तक्ते जोडणारं जॉइन चालतं, आणि कॉलमागे पैसे नाहीत. स्कॅन झालेल्या डेटाचे थोडे लागतात. तुमच्या आकाराच्या कंपनीला ते आजच हवं असं नाही.

फाउंड्रीवाल्यांपैकी एक जण मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअर क्लाउडवर जायचं म्हणतोय असं तुम्ही लिहिलंय. त्यांचा सेंट्रल इंडिया रीजन पुण्यात आहे, म्हणून आपल्याकडच्यांना तो जवळचा वाटतो. तिथल्या कॉस्ट मॅनेजमेंटच्या क्वेरी एपीआयमध्ये फिल्टरची रचना ओळखीचीच आहे: अँड, ऑर, आणि डायमेन्शनला 'इन' हा ऑपरेटर व व्हॅल्यूजची यादी. ग्रुपही दोनच. प्रत्यक्ष आणि अमॉर्टाइज्ड खर्च हा फरक तिथे क्वेरीच्या टाइपमध्येच निवडायचा असतो. फार कॉल केलेत तर 429 ही 'थोडं थांबा' सांगणारी एरर येते. गूगल क्लाउडवर सविस्तर खर्चासाठी बिलिंगचा डेटा बिगक्वेरी या गूगलच्या डेटाबेसमध्ये एक्सपोर्ट करून एसक्यूएलच लिहायचं; तिथे क्रेडिट हे प्रत्येक ओळीच्या पोटातल्या वेगळ्या यादीत असतात, ते वजा करायला विसरलं की खर्च फुगलेला दिसतो. तिन्हीकडचे हिशेब एका साच्यात आणायची वेळ आलीच तर फोकस नावाचं खुलं स्पेसिफिकेशन बघा. त्याची 1.0 आवृत्ती 2024 मध्ये आली, आणि मोठ्या क्लाउडवाल्यांनी त्या साच्यात एक्सपोर्ट द्यायला सुरुवात केली आहे.

उरला मालकांचा अंदाजपत्रकाचा प्रश्न. गेट-कॉस्ट-फोरकास्ट हा कॉल आहे, आणि त्याला हीच फिल्टरची एक्स्प्रेशन देता येते, म्हणजे फक्त कारखान्याच्या टॅगचा अंदाज मिळतो. पण तो मागच्या खर्चावरून पुढचा रेटतो. गाळप फेब्रुवारीत उरकणार की मार्चपर्यंत लांबणार, हे ऊस किती आणि तोडणी मजूर किती यावर ठरतं; ते त्याला कुठून कळणार? कारखान्यासाठी मी तो आकडा देणार नाही. त्याऐवजी मागच्या वर्षीचे तेच तीन महिने काढा, त्याच फिल्टरने, आणि कारखान्याच्या शेतकी विभागाला यंदाचा गाळपाचा अंदाज विचारून त्या प्रमाणात वरखाली करा. एक-दोन हंगामांपेक्षा मागे जायचं असेल तर कॉस्ट मॅनेजमेंटच्या प्रेफरन्सेसमध्ये जाऊन अनेक वर्षांचा मासिक डेटा चालू करा. मग 38 महिन्यांपर्यंत मागचं दिसतं. चालू केल्यावर लगेच दिसत नाही, म्हणून अंदाज द्यायच्या आदल्या रात्री नव्हे, आजच करा. आणि त्या जुन्या महिन्यांत क्लायंट टॅग ॲक्टिव्ह होता का ते आधी बघा; नसेल तर तेवढ्या काळासाठी टॅगऐवजी इन्स्टन्स टाइप आणि सर्व्हिस यांच्या फिल्टरवरच काम भागवावं लागेल.